बिब्ब्याची फुली : आपल्या भागातल्या भानामतीची हकीकत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा तुम्ही काहीतरी इतिहासाचं लिहा, असं मंडळाच्या पोरांनी आम्हाला सांगितलं. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत, बाकीचं शिक्षण रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत जे हाती पडेल ते वाचून झालेलं. राजे-राजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला वाटलं, घाटनांदूरच्या आसपास, आपल्या वस्त्यांमध्ये, आपल्याच डोळ्यांदेखत जे घडलं आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते लिहावं. म्हणून भानामतीवर लिहितो आहोत. नाव काढलं की म्हाताऱ्या बाया आजही पदर सावरतात.

ज्यांचं वय आता चाळिशीच्या आत आहे त्यांच्यासाठी आधी सांगायला पाहिजे की भानामती म्हणजे काय. भूत वेगळं, अंगात येणं वेगळं. भानामती एका घरावर येते, असं लोक मानायचे. बंद घरावर दगड पडतात. वाळत घातलेलं लुगडं आपोआप पेटतं. भाकरीच्या पिठात शेण निघतं. घरातल्या बाईच्या, बहुधा नव्या सुनेच्या किंवा वयात आलेल्या पोरीच्या अंगावर काळ्या फुल्या उठतात. काही गावांत बाया कुत्र्यासारख्या भुंकायच्या, आणि एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. गाईनं दूध चोरलं तरी भानामती. हा प्रकार मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या बिदर, गुलबर्गा, मेदक या पट्ट्यात जास्त, म्हणजे जुन्या निजामी मुलखात. तेलंगणात त्याला बाणामती म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला करणी, मूठ हे शब्द माहीत असतात, पण भानामती म्हटलं की तो आपल्याकडं बघतो.

याच मुलखात का, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षं पडत आला आहे. एक उत्तर असं की निजामाच्या राजवटीत, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, खेड्यात शाळा नाही, दवाखाना नाही. रोग आला की तो कुठून आला हे सांगणारा सरकारी माणूस गावात यायचाच नाही. सांगणारा एकच, तो म्हणजे देवऋषी. पटकी आली की मरीआई कोपली. मग मरीआईचा गाडा सजवायचा आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. हे काम कोणाचं? आपल्या बापजाद्यांचं. गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की त्या गावानं तो पुढं ढकलायचा. रॉबर्ट कॉख यानं १८८४ साली कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यात आणि रोग्यांच्या आतड्यात पटकीचा जंतू दाखवला, पण ती बातमी आपल्या शिवेपर्यंत यायला दोन पिढ्या लागल्या. तोवर गाडा ओढणाराही मरत होता आणि गाड्यावर लिंबू टाकणाराही.

देवीचा रोग बघा. रोगाचं नावच देवी. अंगावर फोड आले की कडुलिंबाचा पाला घालायचा आणि बाईनं हात जोडायचे. लस टोचणारा आला की लेकरं कणगीत लपवायची. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, १९८० साली जगातून रोग गेला असं जाहीर झालं. देवीची करणी सुईनं संपली. नारूचंही तेच. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातल्या बारक्या किड्यातून नारू पायात जायचा आणि वर्षानं दोरीसारखा बाहेर निघायचा. त्यावर मंत्र घालणारे होते. पाणी कपड्यातून गाळा, बारवेत उतरू नका, एवढं केल्यावर नारू गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज कोणा पोराला विचारा नारू म्हणजे काय, त्याला नारळ आठवेल.

मग रोग गेले, भानामती का नाही गेली? इथंच खरी गोष्ट आहे, आणि ती आमच्या घरातली आहे. आधी थोडं विषयांतर करतो, कारण गिरणीत आम्ही जे शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आम्ही परगावच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात लागलो. तिथं एका उन्हाळ्यात तिसऱ्या पाळीला धागे तुटायला लागले. एक जोडावा तर चार तुटायचे. त्या आधी महिनाभर खात्यात एकाचा हात पट्ट्यात जाऊन मोडला होता. झालं! खातं बाधलंय अशी बोलवा उठली. जॉबरनं वर्गणी काढली, अमावास्येला नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. दोन दिवस धागे जरा कमी तुटले. लोक म्हणाले, बघा. तिसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी एक म्हातारा फिटर आला आणि हवेत ओल सोडणाऱ्या यंत्राच्या तोट्या काढून बघितल्या. सगळ्या क्षारानं बुजलेल्या. कापसाला ओल लागते. हवा कोरडी झाली की तंतू कडक होतो, घर्षणानं वीज धरतो, आणि तुटतो. तोट्या साफ केल्या, धागे सुरळीत. आणि ते मधले दोन दिवस? त्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस पडला होता! हवा आपोआप ओली झाली, श्रेय नारळाला गेलं. फिटरला कोणी हार घातला नाही, हेही नमूद करून ठेवतो.

पुढं आमच्या वाचनात आलं की १९४८ साली अमेरिकेत स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर असाच प्रयोग केला होता. पिंजऱ्यात ठरावीक वेळानं दाणे पडत. कबुतरानं काहीही केलं तरी दाणे पडणारच. पण दाणे पडताना जे कबुतर गिरकी घेत होतं ते पुढं गिरक्याच घेत बसलं, जे मान हलवत होतं ते मानच हलवत बसलं. आम्ही हे खात्यात सांगितलं तर एकजण म्हणाला, म्हणजे आम्ही कबुतरं काय? आम्ही म्हणालो, बाबा, आपण सगळेच. नारळ फोडताना वर्गणी आम्हीपण दिली होती.

दुसरी एक गोष्ट. मॅलिनोव्हस्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या वेळी ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. तिथं हात आणि अक्कल पुरे पडायची. पण खोल समुद्रात, जिथं वादळ कधी येईल आणि मासा मिळेल की नाही याचा भरवसा नाही, तिथं जाताना मंत्र, गंडे, विधी सगळं. हे वाचलं तेव्हा आम्हाला बीड जिल्हा आठवला. बागायतदार बँकेत जातो, कोरडवाहूवाला जाणत्याकडं. मृग कोरडा गेला तर काय, कारखान्याचा मुकादम उचल देईल की नाही, लेकराचा ताप उतरेल की नाही, यातलं एकही आपल्या हातात नाही. आपली वस्ती कायमच खोल समुद्रात राहिली आहे. तेव्हा माणसं अडाणी आहेत म्हणून देवऋषीकडं जातात, असं म्हणणाऱ्या शहाण्यांशी आमचं जमत नाही.

आता घरातली हकीकत. १९८४ साल. आम्ही पंधरा वर्षांचे. आमच्या चुलतभावाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वहिनी लातूरकडची, गरीब स्वभावाची. त्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या दंडावर काळी फुली उठली. भोवती लाल, मध्ये काळी, भाजल्यासारखी. दोन दिवसांनी पोटरीवर. मग दोरीवरचं धोतर जळालं. रात्री पत्र्यावर दगड पडले, ते आम्ही स्वतः ऐकले. वस्तीत कोणी झोपेना. आमचे आजोबा धर्मांतरानंतर घरातले देव नदीला सोडून आलेले, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो. पण आजीनं एक टाक पदराआड ठेवून घेतला होता, तो त्या आठवड्यात कणगीतून बाहेर निघाला. आजोबा बघून न बघितल्यासारखं करून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

एका परगावच्या देवऋषीला आणलं. त्यानं तांदूळ टाकले, धूर केला, वहिनीचे केस धरून विचारलं, कोणी केलं बोल. वहिनी काही बोलेना. तेव्हा त्यानंच सांगितलं, घराच्या उगवतीला एकटी राहणारी बाई आहे, तिनं केलं. उगवतीला एकच बाई एकटी राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. विधवा, एक लेक दिलेली. वस्तीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यात आम्हीपण. सुईणीचं काम करून ती कोणाकडून दोन शेर ज्वारीच्या वर घेत नसे.

पुढं काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. तिला वस्तीच्या मधोमध आणलं, तिच्याकडून नाक घासून घेतलं, तिचं मडकं-गाडगं बाहेर फेकलं. ती एकच म्हणत होती, अरे तुमची नाळ कापली रे मी. ते चाललेलं असताना कंदील आम्ही धरला होता. कोणी जबरदस्तीनं दिला नव्हता. उजेड नीट पडावा म्हणून आम्ही तो वर केला, हे आम्हाला पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती लेकीकडं गेली. स्टेशनवर पोचवायला कोणी गेलं नाही.

आणि महिनाभरात वहिनीच्या फुल्या थांबल्या. म्हणजे देवऋषी खरा ठरला.

१९९१-९२ च्या सुमारास गिरणीच्या गावात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा एक कार्यक्रम झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ती समिती १९८९ मध्ये सुरू केली होती, त्या आधी १९८२ पासून नागपूरकडं श्याम मानव यांची अखिल भारतीय समिती काम करत होती. कार्यकर्त्यानं नारळातून कापड काढलं, जिभेवर कापूर पेटवला, आणि मग बिब्बा काढला. आपल्या घरोघरी असतो तोच बिब्बा, ज्याची फुली परीट कपड्यावर करतो. त्यानं सांगितलं, याच्या तेलात जो चीक असतो तो कातडीला लागला की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तिथं फोड येतो आणि काळा डाग उठतो. म्हणून लावलेलं कोणी पाहत नाही आणि उठलेलं सगळे पाहतात. कपडे पेटण्याचंही त्यानं सांगितलं : पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवतात, बाहेर काढून कोरडा झाला की तीस अंशाच्या आसपासच पेटतो. पण पुढं हेही म्हणाला की घरगुती भानामतीत फॉस्फरस वगैरे कुठला, बहुतेक ठिकाणी साधी काडेपेटी असते आणि घरातलं बघणारं कोणी नसतं.

त्याचं एक वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. समितीची माणसं भानामतीच्या घरी गेली की घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलतात. करणारं माणूस घरातलंच निघतं, बहुधा सगळ्यांत दबलेलं. त्याचं नाव ते कोणालाही सांगत नाहीत. घरच्यांनाही नाही. त्याचं दुखणं काय ते समजून घेतात आणि ते थांबवतात. त्याआधी श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी अशाच घरांचा छडा लावला होता. तेही मानसोपचाराच्या अंगानंच जायचे. विजयवाड्याच्या नास्तिक केंद्राची माणसंही ऐंशीच्या दशकात मेदकच्या बाणामतीसाठी गावोगाव फिरली.

आम्ही त्या रात्री झोपलो नाही.

वहिनीला विचारायची हिंमत व्हायला भूकंप यावा लागला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली, जवळपास आठ हजार माणसं गेली. आम्ही गिरणीतून सुट्टी काढून घाटनांदूरला आलो. आपल्याकडं पडझड तितकी नव्हती, पण भीती तीच. सगळा गाव बाहेर झोपायचा. रोज नवी अफवा : अमुक तारखेला परत येणार, अमुक महाराजानं सांगितलंय. भूकंपाची तारीख आजही जगातला कोणी शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, पण आपल्या बाजारात ती दर आठवड्याला मिळत होती. अशाच एका रात्री सगळे अंगणात पडलेले असताना आम्ही वहिनीला हळूच विचारलं, वहिनी, तो बिब्बा होता ना?

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “भावजी, चार वर्षं मी आतल्या आत मरत होते तवा कुणी विचारलं नाही, काय दुखतंय म्हणून. तुमच्या भावाची दुसरी सोयरीक बघायचं चाललं होतं. अंगावर उठल्यावर समदे विचारायला लागले. मला वाटलं, भिऊन मला माहेरी धाडतील. दगड मी नव्हते मारत, ते पोरं मारत होती कुठली. मावशीचं नाव मी घेतलं नव्हतं. पण नाही म्हणाले नाही मी. नाही म्हणाले असते तर कळलं असतं सगळ्यांना.”

ती आता हयात नाही. तिच्या लेकरांना विचारून हे लिहितो आहोत. पुढं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दोघांची तपासणी झाली, औषध झालं, दोन लेकरं झाली. ते मेडिकल कॉलेज सत्तरच्या दशकापासून तिथं आहे, आपल्यापासून विसेक किलोमीटर. १९८४ मध्येही होतं. देवऋषी त्याहून लांबून आणला होता.

आता सांगा, वहिनीला अडाणी म्हणायचं का? तिच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. बाईचं दुःख कोणी ऐकत नसेल तर ते अंगावर उठतं. दगड मारणाऱ्या पोरांना गंमत मिळाली, सासूला मूल न होण्याचं कारण मिळालं, देवऋषीला बिदागी मिळाली, वस्तीला राग काढायला माणूस मिळालं. प्रत्येकाला काही ना काही मिळालं, म्हणून भानामती सगळ्यांनी खरी मानली. ज्या बाईला काही मिळालं नाही तिच्या मागं बोलायला कोणी नव्हतं. भुंकणाऱ्या बायांचंही असंच. १९६२ साली आफ्रिकेत टांगानिकामध्ये काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत तीन पोरी हसायला लागल्या आणि थांबेनात. बघता बघता १५९ पैकी ९५ मुलींना ते लागलं, शाळा बंद करावी लागली. तपासात विष निघालं नाही, जंतू निघाला नाही. कडक शाळा, घरापासून लांब, दबलेल्या पोरी. आमच्याकडं भुंकणं निघालं, तिकडं हसणं.

पण सगळी भानामती अशी गरिबाच्या दुःखाची नसते, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लबाडांना सोडल्यासारखं होईल. आपल्या मराठवाड्यातच परभणी जिल्ह्यात मानवत इथं १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा जणांचे खून झाले. पाच दहा-दहा वर्षांच्या पोरी, एक वर्षाचं लेकरू आणि चार बाया. गुप्तधनासाठी बळी, असं प्रकरण कोर्टात उभं राहिलं, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाहत्तरचा दुष्काळ होता. लोक खडी फोडायला जात होते आणि कोणीतरी हंडा शोधत होतं. आमची आई आम्हाला दोन वर्षं संध्याकाळी दाराबाहेर सोडत नव्हती. आणि हे जुनं झालं म्हणाल तर जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण मेले. आधी आत्महत्या वाटली, मग गुप्तधनाच्या नादात मांत्रिकानं विष दिल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदवला. त्या घरात एक शिक्षक होता, एक जनावरांचा डॉक्टर. आम्ही नववी पास, आम्ही काय बोलावं!

शिकलेल्यांची भानामती निराळी असते एवढंच. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. दिल्लीतून पहाटे फोन सुरू झाले आणि दुपारपर्यंत आमच्या गिरणीच्या फाटकाशी रांग. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध मूर्तीला लावून दाखवलं की ते पृष्ठताणानं ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ होऊन खाली उतरतं. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं, पण कँटीनमधली लोणच्याची चिनीमातीची बरणी आम्ही उचलली आणि तिच्या कडेला चमचा लावला. बरणी प्यायली. लोक हसले. पाळी सुटल्यावर त्यातलेच दहाजण रांगेत दिसले. विचारलं तर एक म्हणाला, सगळा देश बघतोय, आपण एकटंच घरी बसायचं का? हे उत्तर आम्हाला पृष्ठताणापेक्षा जास्त शिकवून गेलं.

त्यानंतर फोन खिशात आला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाइलवरच्या अफवेवरून पाच भिक्षेकरी माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची गरीब माणसं. देवऋषी लागला नाही, तांदूळ लागले नाहीत. उगवतीला राहणारी एकटी बाई शोधायचीच ती जुनी खोड, फक्त कंदिलाच्या जागी मोबाइल.

आपल्या घरांबद्दलही बोललं पाहिजे. जोतीबा फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं, त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. आज आपल्या नोकरदार वस्तीत तो जोशी वास्तुतज्ज्ञ होऊन येतो आणि संडासाची दिशा बदलायला लावतो. पोराचा मेंदू उघडून देतो म्हणून फी घेणारे क्लास निघाले. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात, आणि पट्टी नाकाजवळ नीट बंद केली की वाचणं बंद. आणि शोकेसमध्ये तो ढेरपोट्या लाफिंग बुद्ध! तो आपला बुद्ध नाही हो. चीनमधला बुदाई नावाचा एक भिक्षू आहे तो. विकत घेतलेला चालत नाही, भेट आलेलाच लाभतो, असंही आमच्या एका शिकलेल्या पुतण्यानं आम्हाला समजावलं. त्याच्या घरी दारावर निळा झेंडाही आहे.

तथागतांच्या काळीही हे होतंच. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनं चंदनाचं पात्र उंच टांगलं आणि म्हणाला, जो चमत्कारानं काढील त्याचं. पिंडोल भारद्वाज नावाच्या भिक्षूनं ते काढलं अशी विनयपिटकात कथा आहे. भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही. पात्र फोडायला लावलं आणि चमत्कार दाखवण्यावर भिक्षूंना बंदी घातली. आम्ही मुलांना ही कथा सांगतो तेव्हा ती विचारतात, मग तो खरंच उडाला का? तेव्हा आम्ही म्हणतो, बाळांनो, पात्र का फोडलं ते आधी विचारा.

कायदा आता आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अठरा वर्षं ते ज्याच्यासाठी फिरले ते त्यांच्या मरणानं झालं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टानं गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. या कायद्यात एखाद्या माणसाला तू करणी करतोस, तुझ्यामुळं जनावरं आटली, असं जाहीर करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार दंड. १९८४ मध्ये हा कायदा असता तर त्या देवऋषीला आत टाकता आलं असतं. कंदील धरणाऱ्या पोरालाही विचारलं असतं कोणीतरी.

अमेरिकेत सेलम नावाच्या गावात १६९२ साली काही पोरींना झटके यायला लागले आणि त्यांनी बायांची नावं घेतली. एकोणीस जणांना फासावर चढवलं. त्या खटल्याच्या न्यायाधीशांत सॅम्युएल सेवॉल नावाचा एक होता. पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, तो भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याची चूक त्यानं सगळ्यांसमोर वाचायला लावली. हे वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवलं. मग रविवारच्या सुट्टीत मावशीच्या लेकीच्या गावाला गेलो.

मावशी तोवर गेली होती. नातू भेटला, पोलिसात भरतीची तयारी करत होता. आम्ही कोण ते सांगितलं आणि काय केलं तेही सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं चहा मांडला. म्हणाला, आजी कधी काही सांगायची नाही, पण घाटनांदूरची गाडी किती वाजता असते ते अधूनमधून विचारायची. मग त्यानं पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. आपल्या विहाराच्या पायाभरणीसाठी जी वर्गणी झाली होती, तिची पावती. पाच रुपये. खाली मावशीचा अंगठा. सुईणपणाची ज्वारी विकून दिले असणार, दुसरं तिच्याजवळ काही नव्हतं.

त्या पावतीची झेरॉक्स आम्ही मंडळाकडं दिली आहे. या स्मरणिकेच्या शेवटी जुन्या देणगीदारांची यादी छापली आहे, त्यात मावशीचं नाव घाला असं सांगितलं, आणि पोरांनी ते घातलंही. कुठलं ते आम्ही इथं लिहीत नाही. वस्तीतल्या साठीच्या पुढच्या लोकांना ते यादी वाचताना ओळखू येईलच.